सोनकांबळे सरांची जागा

सोनकांबळे सर पहिल्या तासाला वर्गात आले तेव्हा त्यांनी हजेरीपट उघडला नाही की कुणाचं नाव विचारलं नाही. पहिल्या बाकापासून सुरुवात करून ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत गेले, "काल दुपारी तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवलं?"

नांदेडला विद्यापीठात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्ही वीसेक जण होतो. बहुतेकांनी "आई" असं सांगितलं. मी मुखेडची, दर शनिवारी घरी जाणारी. मीही तेच सांगितलं.

"तिच्या ताटात काय होतं?"

"आम्ही खाल्लं तेच असेल, सर."

"असेल?" सर माझ्या बाकापाशी थांबले. "पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं. बावीस वर्षांत कधीच पाहिलं नव्हतं.

"मग ह्या रविवारी घरी जा आन् आई जेवायला बसली की समोर बस. बोलायचं न्हाई, लिहायचं न्हाई. नुस्तं बघायचं. हे तुझं पहिलं प्रॅक्टिकल."

आमच्या घरी बारा एकर जमीन होती, विहिरीला पाणी होतं, दावणीला दोन म्हशी होत्या. रविवारी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर आई बसली. ताटात एक करपलेली भाकरी, पातेल्याच्या बुडाचं वरण पाणी घालून वाढवलेलं, आणि बाजूला तिखट. भाजी संपली होती. दूध वडिलांना आणि भावाला गेलं होतं. मी समोर बसलेली पाहून ती अवघडली. "अशी काय बघायलीस? जा की तिकडं," म्हणाली आणि पदर पुढे ओढून घाईघाईने जेवली.

सोमवारी मी हे वर्गात सांगितलं. सरांनी शाबासकी दिली नाही. फळ्याकडे पाठ करून म्हणाले, "तुमच्याकडं बारा एकर हाय ना? मग ध्यानात ठेव. घरात धान्य हाय म्हंजे ताटात हाय, असं न्हाई. आपला सगळा विषय ह्या दोन्हीच्या मधात हाय."

विषयाचं नाव वेळापत्रकात मावत नसे. 'अन्नसुरक्षा आणि पोषण धोरण'. तो अभ्यासक्रम सरांनीच लिहिला होता. मंजुरीच्या कागदावर नाव मात्र विभागप्रमुख मॅडमचं होतं, कारण सर विद्यापीठाचे कुणीच नव्हते. ते तासिका तत्त्वावर शिकवत. म्हणजे जेवढे तास घेतील तेवढ्यापुरते प्राध्यापक. दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि परीक्षा लागल्या की मोकळे. ह्या विषयाची एक कायम जागा विभागात मंजूर होती, पण भरती बंद होती. मी विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हा सर अकरा वर्षं त्या एका जागेची वाट पाहत होते.

"मी दर जूनला नव्यानं जन्मतो आन् एप्रिलात मरतो," असं ते म्हणायचे. "मधी मी कुठं असतो ते बायकोला बी ठाऊक न्हाई."

बायको, वंदनावहिनी, मुरुडजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. सर नांदेडला खोली करून राहत आणि शनिवारचे तास संपले की लातूरची एसटी धरत. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, केस तेल लावून चापून बसवलेले. शर्ट पांढरा, आणि बाह्या कितीही उकडलं तरी मनगटापर्यंत. अध्यापक कक्षात ते बसत नसत. तिथे खुर्च्या रिकाम्या असायच्या, पण प्रत्येक खुर्ची कुणाची तरी होती. सर ग्रंथालयात पाणी थंड करायच्या यंत्राशेजारी बसत. आम्हाला काही विचारायचं असलं की आम्ही तिथे जायचो आणि त्या यंत्राच्या घरघरीत ते खालच्या आवाजात बोलत राहायचे.

ते जळकोटकडचे. आई-वडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला. घरचं बोलणं त्यांना फारसं आवडत नसे. वर्गात उदाहरण म्हणून मात्र एखादं वाक्य येऊन जायचं. "आमच्या घरी भात फक्त आजारी माणसाला मिळायचा. म्हणून लहानपणी मला तापाची लई आवड होती." आम्ही हसलो. सर हसू संपेपर्यंत थांबले. "हसलात ना? आता वहीत लिहा. तांदूळ घरात कुणाला, कधी आन् का."

एकदा मोठ्या शहरातून आलेल्या एका पाहुण्यांचं व्याख्यान झालं. पडद्यावर फळांची, सुक्या मेव्याची चित्रं. आहारात वैविध्य हवं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मागच्या रांगेतून सर उठले. "साहेब, आमच्याकडं वैविध्य हाय. सकाळी चटणी-भाकर, संध्याकाळी भाकर-चटणी. पुढं काय करावं?" सभागृह हसलं, पाहुणेही हसले आणि आभार मानून खाली बसले. सर उभेच होते. त्यांना उत्तर हवं होतं.

पुढे मी पीएच.डी.ला राहिले. कायम नसलेल्या शिक्षकाला मार्गदर्शक होता येत नाही, त्यामुळे माझ्या प्रबंधावर नाव मॅडमचं. पण त्यातलं पानन् पान सरांनी वाचलं. जिथे मी मोठा शब्द वापरला तिथे समासात पेन्सिलीने लिहिलेलं असे, "हे आईला सांगता येईल का?" पदवी मिळाल्यावर मीही त्याच विभागात तासिका तत्त्वावर लागले. तास तेवढेच होते, खाणारी तोंडं दोन झाली. सरांनी आपले दोन घटक मला दिले. मी नको नको म्हणत होते. "घे. मी बोलून बोलून बेजार झालोय. तुझ्यात दम हाय," म्हणाले. त्यांचा पगार त्यामुळे कमी झाला हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी ते तास घेतले. पुढे काय होणार याची ही सुरुवात होती असं आता वाटतं. मी नको म्हणायची आणि घ्यायची.

त्यानंतरच्या वर्षी जिल्ह्यातल्या एका कार्यालयाकडून विभागाला काम आलं. मुखेड तालुक्यातल्या काही गावांत लहान मुलांची वजनं, घरोघरचा आहार, आणि त्यावर अहवाल. कामाला आम्ही दोघंच होतो, सर आणि मी. सकाळच्या एसटीने जायचं, दुपारी गावात फिरायचं, संध्याकाळी मुखेडला माझ्या घरी किंवा परत नांदेडला.

आहाराची माहिती घ्यायची म्हणजे चुलीपर्यंत जावं लागतं. डबे उघडून बघावे लागतात. प्रत्येक घरी सर ओट्यावर बसत आणि मला म्हणत, "तू आत जा. मी हितंच बरा." पुरुष माणूस, बायकांच्या स्वयंपाकघरात कशाला, म्हणून बाहेर बसत असतील असं मला वाटायचं. कुठे चहा आला तर तो कधी कधी कागदी कपात यायचा, मला स्टीलच्या पेल्यात. तेही माझ्या लक्षात आलं नाही.

मग एका गावात (गावाचं नाव लिहीत नाही) कडेच्या वस्तीत आम्ही एका मजुराच्या घरी गेलो. पत्र्याची एक खोली. घरातली बाई दारातच म्हणाली, "सर, भाईर काहून बसलाव? या की आत." सर आत गेले. सरळ चुलीपाशी मांडी घालून बसले, डब्यातलं पीठ चिमटीत घेऊन पाहिलं, कालवण कशाचं विचारलं. तिच्याशी असे बोलत होते की मी पाहतच राहिले. इतके दिवस ते बाहेर का बसत होते, हे मला त्या खोलीत कळलं. बारा एकरवाल्याच्या लेकीला तोवर हा प्रश्न पडायची गरजच पडली नव्हती. परतताना एसटीत मी काहीतरी बोलायला गेले. सरांनी खिडकीबाहेर बघत एवढंच म्हटलं, "राहू दे. तू लिहून घे, तिच्या डब्यात डाळ नव्हती."

त्या बाईची मुलगी रेणुका. तीन वर्षांची व्हायला दोन महिने कमी. आमच्याकडे टांगता काटा होता, झोळीचा. सरांनी तो आढ्याच्या लाकडाला बांधला आणि रेणुकाला झोळीत ठेवलं. ती रडली नाही. रडणारं मूल सरांना आवडायचं. "रडतंय म्हंजे अंगात काहीतरी हाय," म्हणायचे. रेणुका नुसती बघत राहिली. काटा आठाच्या जरा पुढे जाऊन थांबला.

अंगणवाडीच्या नोंदवहीत त्याच महिन्यात तिचं वजन बारा किलो लिहिलेलं होतं.

वही बंद करून अंगणवाडीताई रडायलाच लागल्या. "काटा दोन वर्सं झाली मोडून पडलाय, सर. तीनदा लिहून दिलं. मग अंदाजानं लिहिते. मागच्या महिन्यापेक्षा जरासं वाढवून."

"वाढवूनच का? कमी का न्हाई?"

"कमी लिहिलं की मला तालुक्याला बोलावतेत. लेकराला कुणी बोलवत न्हाई."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाई, तुमची चूक न्हाई असं मी म्हणणार न्हाई. पण तुमची एकटीची न्हाई." आणि पुढचे चार दिवस त्या अंगणवाडीतल्या प्रत्येक मुलाचं वजन त्यांनी स्वतः केलं. रेणुकाच्या आईला नांदेडच्या दवाखान्यात मुलीला भरती करायला सांगितलं. ती म्हणाली, "पंधरा दिस तिकडं बसले तर घरच्या दोघांचं कोण करंल?" सरांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

अहवाल सरांनी लिहिला. त्यात एका तक्त्यात दोन रकाने शेजारी शेजारी होते. नोंदवहीतलं वजन, आणि काट्यावरचं वजन. बाकी चाळीस पानं कुणी वाचली नसती तरी चाललं असतं. ते दोन रकाने पुरेसे होते.

मॅडमनी सरांना बोलावलं. मी बाहेर उभी होते. दार अर्धवट उघडं होतं.

"सोनकांबळे, आपल्याला त्यांनी आहार बघायला सांगितला होता. त्यांच्या वह्या तपासायला नाही."

"मॅडम, वही खोटी हाय म्हणून तर काटा येत न्हाई. वहीत सगळी लेकरं धडधाकट हायत. मग काटा कशाला पाठवतील?"

"तो रकाना काढा. बाकी सगळं राहू द्या."

"मग माझं नाव बी काढा."

त्यांनी खरंच नाव काढलं. आठवडाभराने मॅडमनी मला बोलावलं. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मला इथे लिहिलं पाहिजे. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, "विद्या, भरती उघडतेय अशी कुणकुण आहे. जागा एकच. तुझ्या नावावर एक अहवाल असेल तर मुलाखतीत त्याचं वजन पडेल. तेवढा तक्ता नीट करून दे."

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. घरी वडील रोज विचारायचे, अजून किती दिवस ही वेठबिगारी. मी विभागातल्या संगणकावर तो तक्ता उघडला, काट्यावरच्या वजनाचा रकाना निवडला आणि काढून टाकला. दहा मिनिटंही लागली नाहीत. उरलेल्या तक्त्यात रेणुकाचं वजन बारा किलो होतं. खाली माझं नाव टाकलं.

जाहिरात पुढच्या वर्षी आली. सहाय्यक प्राध्यापक, अन्नसुरक्षा आणि पोषण धोरण, जागा एक. सरांनीही अर्ज केला, मीही केला. मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो होतो. सरांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेषा दिसत होत्या. मांडीवर फाइल, त्यात एकवीस वर्षांचे एकवीस आदेश, प्रत्येक जूनचा एक.

त्यांना माझ्याआधी आत बोलावलं. फार वेळ लागला नाही. बाहेर आले, माझ्या शेजारी बसले, फाइलची नाडी बांधली.

"मला तो अहवाल दाखवला," म्हणाले. "विचारलं, ह्या कामात तुम्ही होतात, मग तुमचं नाव का न्हाई. म्या सांगितलं, ह्यातला एक रकाना गेलाय. खाली नाव तुझं हाय. तुला ठाऊक होतं?"

"मॅडमनी सांगितलं होतं, सर."

"हाव का," ते म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून फडकं काढलं. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. अर्धी भाकरी तोडून माझ्या हातात दिली. "तुझा नंबर यायला वेळ हाय. आत लई वेळ बसवतात. खाऊन जा."

मी ती भाकरी खाल्ली, पाणी प्याले, आत गेले आणि त्या अहवालावर वीस मिनिटं न अडखळता बोलले.

यादी लागली तेव्हा माझं नाव निवडीत होतं. सरांचं प्रतीक्षा यादीत पहिलं. आणि जे मला आधीच कळायला हवं होतं ते मग कळलं. कायम माणूस आला की त्या विषयाचे सगळे तास त्याचे. म्हणजे सरांचे तासही आता माझे. त्या जूनमध्ये सरांना अर्ज करायला काही उरलंच नाही.

ते निरोप घ्यायला आले तेव्हा मी माझ्या नव्या खोलीत होते. उभ्या उभ्याच बोलले. मी बसा म्हणाले, तरी बसले नाहीत.

"विद्या, मला राग आलाय. आलाय म्हंजे हाय. तो न्हाई असं मी म्हणणार न्हाई, तू बी समजू नको. पण एक काम हाय. मुखेड तुझं गाव. त्या पोरीला महिन्याकाठी बघत जा. वजन करत जा. आन् खरं लिहीत जा. कुठंबी लिही, पण खरं."

"जाईन, सर. नक्की."

मी गेले नाही. आधी नवे तास, मग मूल्यांकन समितीची तयारी, मग लग्न, मग माझं स्वतःचं बाळंतपण. मुखेडला जायचे, पण घरी. त्या गावाचा फाटा लागला की एसटीत मी दुसऱ्या खिडकीकडे बघायचे. कारण मला ठाऊक होतं, रेणुकाला काट्यावर ठेवलं की तो गेलेला रकाना परत उघडणार.

सर लातूरला एका खासगी क्लासमध्ये लागले. तिथे डॉक्टर व्हायला आलेली हजारो मुलं आणि शंभर-दीडशेच्या तुकड्या. सर जीवशास्त्र शिकवायचे. एकदा फोनवर मी विचारलं, कसं चाललंय. म्हणाले, "अन्नसाखळी शिकवायलोय. गवत, नाकतोडा, बेडूक, साप. माणूस सिलॅबसात न्हाई." पहिल्या वर्षी ते रेणुकाकडे दोनदा जाऊन आले, असं नंतर वहिनींकडून कळलं. मग क्लासचे रविवारही भरले, आणि मग पायांवर सूज यायला लागली. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती.

ते दवाखान्यात आहेत हे कळायला मला उशीर झाला. मी लातूरला गेले ती एक दुपार होती. वहिनी खाटेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. सरांची बाही पहिल्यांदाच कोपरापर्यंत वर होती आणि हातावर सुयांच्या जागा काळ्यानिळ्या झाल्या होत्या. मला पाहून उठायला लागले. वहिनींनी त्यांना परत निजवलं.

"बघ, डाळ बंद, पालक बंद, पाणी मोजून," ते म्हणाले. "जन्मभर जे खा खा म्हणून सांगितलं, ते समदं बंद. डॉक्टर म्हणतो, शेंगदाणा तर बघायचा बी न्हाई."

आवाज खोल गेला होता. मी मनाशी ठरवून आले होते, त्या रकान्याबद्दल सगळं बोलायचं, माफी मागायची. वहिनी औषध आणायला खाली गेल्या. मी खुर्ची जवळ ओढली. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "रेणुका कशी हाय?"

मी म्हणाले, "चांगली आहे, सर. शाळेत जाते."

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "तिसरी का चौथी?"

"चौथी."

"आता वजन किती हाय?"

मी दीड दशक हा विषय शिकत आणि शिकवत आले. नऊ वर्षांच्या मुलीचं वजन किती असायला हवं, ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. मी म्हणाले, "सव्वीस."

सर माझ्याकडे पाहत राहिले. मग "बरं," म्हणाले आणि भिंतीकडे वळले. माफीचं मग बोलता आलं नाही. त्या अंगणवाडीताई अंदाजाने आकडा वाढवून लिहायच्या, कारण त्यांच्याकडचा काटा मोडला होता. माझ्या विभागात तीन चांगले काटे होते.

सर नवव्या दिवशी गेले. मुरुडला त्यांच्या घरासमोर माणसं जमली होती, बरीचशी उपकेंद्रात येणाऱ्या बाया, कडेवर मुलं घेऊन. विद्यापीठातून मी एकटीच होते. बुद्धवंदना झाली, कुणीतरी त्यांच्याबद्दल चार शब्द बोला म्हणालं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी प्राध्यापक होते. मी उभी राहिले आणि मला बोलता आलं नाही. लोकांना वाटलं, दुःखामुळे.

पुढच्या सोमवारी मी रजा टाकली, विभागातला एक काटा घेतला आणि त्या गावाला गेले. वस्तीतल्या त्या खोलीला कुलूप होतं. आई-बाप ऊसतोडीला गेले होते, मुलं आजीकडे. शेजारणीने सांगितलं, रेणुका शाळेत असेल.

चौथीच्या वर्गात ती पहिल्या ओळीत बसली होती. गुरुजी म्हणाले, मागे बसवली तर पुढच्यांच्या डोक्यावरून तिला फळा दिसत नाही. मी नाव विचारलं, तिने सांगितलं. वाचून दाखव म्हणाले, तर एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली, आणि ओळ संपायच्या आत दमली. मी काटा व्हरांड्यात सपाट फरशीवर ठेवला. तिने चप्पल काढली, दोन्ही पाय नीट जुळवले आणि श्वास धरून उभी राहिली.

एकोणीस.

मी पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं. एकोणीसच. लहानपणी जे गेलं ते आता भरून निघणार नव्हतं, हे मी दर वर्षी दुसऱ्या घटकात शिकवते, फळ्यावर आलेख काढून.

"मॅडम," काट्यावर उभी राहूनच तिने विचारलं, "मी पास झाले का?"

मी तिला खाली उतरवलं.

मुखेडच्या स्टँडवरून मी वंदनावहिनींना फोन लावला. दिवस मावळायला आला होता, एसटी लागायची होती. "वहिनी, मी रेणुकाला भेटून आले," म्हणाले.

त्या नर्स. त्यांनी बाकी काही विचारलं नाही. "किती भरली?"

"एकोणीस."

मग त्या म्हणाल्या, "त्यांना तुम्ही सव्वीस सांगितलं होतं."

"हो."

"तुम्ही गेल्यावर लगेच मला म्हणाले, विद्या तिथं गेलीच न्हाई." त्या थांबल्या. "लई वेळ पडून होते. मग म्हणाले, आता जाईल."

स्टँडवर गाडीची घोषणा होत होती.

"एकोणीसच ना?" वहिनींनी विचारलं. "थांबा, लिहून घेते."